पॅप नॉर्मल, एचपीव्ही निगेटिव्ह, तरीही

पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर माझ्या अंगावरून पाणी जायला लागलं. पांढरं नव्हे, वास नाही, खाज नाही. नुसतं पाणी, पण इतकं की पॅड लावल्याशिवाय आमच्या इंदूरच्या राजवाड्यापर्यंत जायची सोय नव्हती. इथल्या एका नर्सिंग होममध्ये पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पेशींची तपासणी, झाली, नॉर्मल. हा कॅन्सर बहुतेकदा ज्या विषाणूने होतो, तो एचपीव्हीही निगेटिव्ह. "वयाचंच आहे," म्हणून गोळ्या दिल्या. पाणी चालूच.

आमच्या वन्सं एमवाय या सरकारी हॉस्पिटलमधून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, कागद ठेवा बाजूला. पाणी येतंय कुठून, ते आधी बघायला हवं."

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना गर्भपिशवीचं तोंड वरून गुळगुळीत, पण फुगलेलं आणि टणक लागलं. एमआरआयमध्ये आत खोलवर पाण्याच्या बारीक गाठींचा घोस दिसला. वरवरच्या तुकड्यात काहीच ठाम निघेना, म्हणून भूल देऊन शंकूच्या आकाराचा खोल तुकडा काढला. संशय गर्भाशयमुखाच्या एका दुर्मिळ कॅन्सरचा होता; त्याच्या काही पेशी इतक्या साळसूद दिसतात की नुसत्या स्लाइडवर फसायला होतं, असं पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनीच सांगितलं आणि दुसरं मत घ्यायला लावलं. मेणात बसवलेला तो तुकडा, म्हणजे ब्लॉक, आणि स्लाइड्स घेऊन मुलगा अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये गेला. डबी त्याने लग्नातल्या दागिन्यांसारखी रात्रभर उशाशी ठेवली.

तिथे आयएचसीची, म्हणजे पेशींमधली प्रथिनं रंगवून ओळखायची, तपासणी झाली. एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये जो पी१६ ठळक उमटतो, तो निगेटिव्ह; जठराच्या पेशींची खूण असलेला म्यूक६ पॉझिटिव्ह. निदान आलं: गॅस्ट्रिक टाइप ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे गर्भाशयमुखाचाच, पण जठरासारख्या पेशींचा कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात हा एचपीव्हीशी संबंध नसलेल्या गटात येतो. तो जठरातून पसरलेला नाही ना, हे बघायला एंडोस्कोपीही केली. जठर स्वच्छ निघालं.

केमो आणि रेडिएशनला हा नेहमीच्या प्रकारांएवढी दाद देत नाही, म्हणून जमेल तिथे ऑपरेशन आधी. अंडाशयात पसरू शकतो, म्हणून पिशवीबरोबर तीही काढली.

घरी जाऊबाईंनी लगेच विचारलं, "मग पोरींना ती लस कशाला टोचायची?" कशाला म्हणजे काय! माझा प्रकार दुर्मिळ. गर्भाशयमुखाचे बहुतेक कॅन्सर एचपीव्हीनेच होतात. टाके सुकल्यावर भाचीला लस द्यायला मीच घेऊन गेले.