मशीनला न दिसलेले ठिपके

हल्ली सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, म्हणजे रक्ताची नळी मशीनला लावायची आणि प्रिंट काढायची. काच रंगवून बघा, असं डॉक्टरही क्वचितच सांगतात. मला मात्र हिमोग्लोबिन फार कमी दिसलं की स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून तो रंगवून बघणं, केल्याशिवाय राहवत नाही.

असेच एक पेशंट काका, एसटीतून निवृत्त झालेले. हिमोग्लोबिन 7.9. सोनोग्राफी, एन्डोस्कोपी नॉर्मल, तरी पोट धरून कळवळत होते. सर्जन पोट उघडायच्या विचारात होते.

नळीतल्या रक्ताच्या स्मिअरमध्ये पुसट ठिपके वाटले. रक्त गोठू नये म्हणून नळीत ईडीटीए असतं, त्यात रक्त फार वेळ राहिलं की ते विरतात, म्हणून वॉर्डात जाऊन बोट टोचलं, ताजा स्मिअर ओढला, लेशमन रंगाने रंगवला. तेलाच्या लेन्सखाली तांबड्या पेशींमध्ये खसखस सांडावी तसे भरड निळे ठिपके! पेशीतला उरलासुरला आरएनए साफ करणारं एन्झाइम शिशामुळे बंद पडतं, त्याचा हा गाळ. थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकारातही तो दिसतो, पण काकांचं जुनं हिमोग्लोबिन उत्तम होतं.

"काकू, काका कुठलं चूर्ण, भस्म घेतात का?"

"घेतात ना ताई, शुगरचं. पण त्यात केमिकल काही नाही हो."

पिशवीतून बिनलेबलचा डबा निघाला. 90 दिवसांचा 'प्रोटोकॉल', व्हॉट्सॲप ग्रुपवरून घरपोच. सूचना काकूंना पाठ होत्या: पोट दुखलं तर विष बाहेर पडतंय समजा, मात्रा वाढवा. काका इमानदारीत वाढवत गेले. दुखणं हाच गुण आल्याचा पुरावा ठरवणाऱ्या माणसापुढे आमचा कुठला रिपोर्ट टिकणार?

ऑपरेशन थांबलं. रक्तात शिसं डेसिलिटरला 84 मायक्रोग्रॅम आलं. मोठ्या माणसात ते 5 च्या आत हवं. डब्यातली पूडही तपासली, शिसं तिच्यातच होतं. हे नवीन नाही. अमेरिकेत 2008 साली छापून आलेल्या एका अभ्यासात इंटरनेटवर मिळणारी 193 आयुर्वेदिक औषधं तपासली होती, तेव्हा जवळपास पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. मधुमेह बरा करण्याची जाहिरात आपल्याकडे 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. ग्रुप अजून चालू आहे.

मला छळते ती वेगळीच गोष्ट. काकांची शुगर खरंच उतरली होती. त्याच प्रोटोकॉलमध्ये भात-साखर बंद आणि रोज तासभर चालणं होतं. श्रेय गेलं पुडीला. शिसं शरीराबाहेर काढणारं पेनिसिलामाइन सुरू झाल्यावर पोट शांत झालं, तरी काका म्हणाले, "औषध चांगलं होतं, मला सोसलं नाही."

तीच पूड त्यांचा मेहुणाही घेतो. रक्त तपासायला बोलावलं, तर आला नाही. त्याचं पोट दुखत नाही म्हणे.