उतरलेला उजवा खांदा

उन्हाळ्यात आमच्या जिल्हा न्यायालयात वकिलांना काळ्या कोटाची सक्ती नसते. हायकोर्टात ती सूट नाही, पण सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात पांढरा शर्ट आणि बँड (वकील गळ्याला बांधतात ती पांढरी पट्टी) एवढ्यावर दिवस काढता येतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र कोट निघाला की शर्ट उघडा पडतो. मला तयार शर्ट कधीच धड बसले नाहीत. गळ्याला बरोबर घ्यावा तर पोटावर पोतं, पोटाला बरोबर घ्यावा तर वरचं बटण लागत नाही. आणि बँड बांधायचा तर वरचं बटण लावावंच लागतं.

नागपूरच्या महाल भागात आमचे जुने टेलर मास्तर होते. वडिलांचे कपडे त्यांनी शिवले, नंतर माझे. नजर कमी झाल्यावर त्यांनी दुकान बंद केलं. दोन-तीन ठिकाणी शिवून पाहिलं, जमलं नाही. म्हणून मागच्या वर्षी फेब्रुवारीत मापाचे शर्ट ऑनलाइन शिवून घ्यायचं ठरवलं.

पहिली चूक तिथेच झाली. तीन शर्टांवर सूट होती म्हणून तीन मागवले. फॉर्ममध्ये अंगाची मापं मागितली होती. बायकोने इंचटेप धरला आणि मी ताठ उभा राहिलो. ती म्हणाली, "अहो, श्वास सोडा ना, असे काय उभे आहात?" मी सोडला, पण पूर्ण नाही. माप देताना माणूस नकळत छाती काढतो आणि पोट आत घेतो. छाती ४०, गळा १५, बाही २४ अशी मापं भरली. बाही मोजताना हात सरळ खाली सोडला होता.

शर्ट आले तेव्हा पेटीतून काढून हातात धरायला छान वाटले. काजं नेटकी, शिवण बारीक. घालून आरशासमोर उभा राहिलो तेव्हाही ठीकच होते. कोर्टात बसल्यावर पोटावरचं बटण ओढायला लागलं. न्यायाधीशांसमोर कागद द्यायला हात पुढे केला की कफ मनगटावरून दोन इंच मागे जायचा आणि शर्ट पॅन्टमधून वर यायचा. दिवसातून दहा वेळा शर्ट खोचत होतो. दोन धुण्यांनंतर गळा इतका आवळला की बँड बांधून अर्धा तास उलटतपासणी घेणं अवघड झालं. टेप लावला. कॉलर आली तेव्हा साडेपंधरा होती, आता सव्वापंधरा भरली. बाहीही अर्धा इंच चढली होती. सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटतं हे मला माहीत होतं, पण मापं भरताना ते लक्षातच आलं नव्हतं.

एका रविवारी त्यातला एक शर्ट अंगात घालूनच मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी मला दारातल्या उजेडात उभं केलं. टेप काढलाच नाही. आधी पुढून, मग पाठीमागून नुसतं पाहिलं.

"वकीलसाहेब, उजवा खांदा उतरला ना तुमचा," ते म्हणाले. "हा झोळ कुठून निघून राहिला, पाहा."

त्यांचं बोट मानेपासून उजव्या काखेकडे गेलं. तिथे कापडाची एक तिरकी घडी पडत होती, डाव्या बाजूला ती नव्हतीच. सोळा वर्षं फायलींची बॅग त्याच खांद्याला लावतोय. तो डाव्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली आला आहे, हे कोणत्याच फॉर्मने मला विचारलं नव्हतं आणि मलाही कधी दिसलं नव्हतं.

मग त्यांनी मला शर्ट वाचायला शिकवलं. बटणापाशी फुलीसारखी ओढ दिसली तर तिथे घेर कमी आहे. पाठीवर कॉलरच्या खाली आडवी वळी पडली तर खांदे चौकोनी आहेत आणि कापड वर साचतंय. मानेपासून काखेकडे तिरका झोळ पडला तर खांदा उतरता. आणि हात उचलल्यावर शर्ट वर येतो तो मुंढ्यामुळे, म्हणजे बाही धडाला जोडतात त्या गोलाईमुळे. मी समजत होतो की मुंढा मोठा असला की हात मोकळा राहील. "उलट आहे," मास्तर म्हणाले. "मुंढा खाली गेला की बाही धडाला धरून ओढते. मुंढा काखेजवळ पाहिजे, मग हात एकटा वर जाते, शर्ट जागेवर राहते."

त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात सुरू केलेली ती मिल, जिथे आज मॉल उभा आहे. मास्तर कापड बोटांत चोळून सांगतात त्याचं मूळ बहुधा तिथेच असावं. माझा शर्ट चोळून ते म्हणाले, कापड चांगलं आहे, पण फार तलम. पांढऱ्यात आतलं बनियन दिसणार. ते दिसतच होतं. मी शंभर काउंटचं पॉपलिन घेतलं होतं, कारण आकडा मोठा म्हणजे कापड भारी असा समज होता. काउंट वाढला की सूत बारीक होतं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

आणलेल्या शर्टांचं काय करायचं तेही त्यांनीच सांगितलं. शर्ट सैल असता तर बाजूच्या शिवणी आत घेता आल्या असत्या, बाही लांब असती तर आखूड झाली असती. पण तंग झालेलं वाढवायला आत कापडच ठेवलेलं नव्हतं. कॉलर मोठी होत नाही, बटण थोडं सरकवलं तर पाव इंच मिळतो. खांद्याला हात लावायचाच नाही. विकणाऱ्यांनी एक शर्ट बदलून द्यायचं मान्य केलं. उरलेले दोन मी आजही कोटाखाली घालतो.

दुसऱ्या वेळी अंग मोजलंच नाही. मास्तरांनी आठ वर्षांपूर्वी शिवलेला एक शर्ट कपाटात होता, कॉलर विरलेली, पण बसायला अचूक. तो बटणं लावून जेवणाच्या टेबलावर पसरला. आधी गादीवर पसरला होता, पण गादी दबते आणि टेप झोल खातो, म्हणून उचलून टेबलावर आणला. काखेच्या एक इंच खाली आडवं माप २२ आलं, म्हणजे छाती ४४. माझं अंग ४०, शर्ट ४४. हा चार इंचांचा फरक म्हणजे श्वास घ्यायची जागा. अंगाचं माप देता तेव्हा ही जागा किती ठेवायची ते समोरचा ठरवतो, शर्टाचं माप देता तेव्हा तुम्ही ठरवता. फॉर्ममध्ये कुठलं माप मागितलंय हे दोनदा वाचा, कारण शर्टाचं माप अंगाच्या रकान्यात गेलं तर त्यावर पुन्हा चार इंच चढतात.

कॉलर उघडून सपाट केली आणि बटणाच्या मध्यापासून काजाच्या पलीकडच्या टोकापर्यंत मोजली. साडेपंधरा. धुण्यात आटेल म्हणून पावणेसोळा लिहिली. बाही कोपर थोडं वाकवून अंगावर ताडून पाहिली आणि अर्धा इंच वाढवली. डावा कफ घड्याळासाठी अर्धा इंच मोठा. सूचनेच्या चौकटीत लिहिलं: उजवा खांदा अर्धा इंच उतरता, मुंढा उंच. सोबत चार फोटो पाठवले, समोरून, मागून, बाजूने आणि हात वर करून. फोटो काढताना मुलाला फोन छातीच्या उंचीवर धरायला लावला, कारण वरून काढलेल्या फोटोत कोणाचेही खांदे उतरलेले दिसतात. कापड ऐंशी काउंटचं दुहेरी सुताचं ट्विल, म्हणजे तिरक्या विणीचं, घेतलं. ते पॉपलिनपेक्षा थोडं गरम होतं, पण बनियन दिसत नाही आणि चुरगळतही कमी.

आणि या वेळी एकच मागवला. तो बदलून मिळायचा शर्टच.

आल्यावर कोर्टात नेला नाही. तीन वेळा धुतला, गच्चीवर वाळवला, इस्त्री केली आणि मग टेप लावला. कॉलर बरोबर साडेपंधरा. पहिल्यांदा घालून गेलो तेव्हा एप्रिलचा दुसरा आठवडा होता, अंगावर कोट नव्हता. समोरच्या बेंचपर्यंत हात लांबवून कागद दिले. शर्ट जागचा हलला नाही. दुपारी चारपर्यंत गळ्याकडे हात गेला नाही.

संध्याकाळी तोच शर्ट घालून महालात गेलो. मास्तरांनी पुन्हा दारात उभं केलं, उजव्या खांद्यावरून अंगठा फिरवला, मान हलवली. मग डाव्या मनगटाशी थांबले. घड्याळावर कफ अडकत होता.

"पाव इंच अजून," ते म्हणाले.

पुढच्या चारांची ऑर्डर परवा दिली. बाकी सगळी मापं तीच, डावा कफ आणखी पाव इंच मोठा.