तुम्ही विचारलंत म्हणून: चिमणीतून पारा किती जाणार?

कोळशाचा रिपोर्ट पुढे सरकवून लोक विचारतात, "यात पारा एवढा, मग चिमणीतून किती जाणार?" मी म्हणतो, एवढ्यावरून सांगता येत नाही. मग त्यांना वाटतं, हा टाळतोय. नाही हो, टाळत नाही.

कोळशात पारा असतो तो किलोला साधारण 0.1 मिलिग्रॅमच्या आसपास. भट्टीत त्याची सगळ्याची वाफ होते, कोळसा कुठलाही असो. फरक पडतो तो वायू निवताना. क्लोरीन पुरेसं असेल तर पाऱ्याचं क्लोराइड बनतं, पाण्यात विरघळतं आणि वेट स्क्रबरमध्ये, म्हणजे धूर पाण्याने धुणाऱ्या यंत्रात, सापडतं. नसेल तर पारा तसाच राहतो आणि पाण्याला अजिबात दाद देत नाही.

एका वीज प्रकल्पाने बिट्युमिनस कोळसा सोडून त्याच्या खालच्या दर्जाचा, सब-बिट्युमिनस कोळसा घेतला. गंधक कमी, पाराही कमी, सगळे खूश. आणि चिमणीतला पारा वाढला! बैठकीत पहिला संशय आमच्या पारा मोजणाऱ्या यंत्रावर, दुसरा माझ्यावर. "आत कमी घालून बाहेर जास्त कसा येईल?" एका वरिष्ठांनी सगळ्यांदेखत विचारलं. लोक हसले. ते हसू अजून विसरलेलो नाही. कॅलिब्रेशन पुन्हा केलं, नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत दिले, आकडा हलला नाही. कारण त्याच रिपोर्टात होतं, कुणी न उलटलेल्या पानावर: क्लोरीन नावापुरतं, राखेत कॅल्शियम भरपूर. होतं नव्हतं ते क्लोरीनही कॅल्शियमने बांधून टाकलं. शिवाय हा कोळसा छान जळायचा, त्यामुळे राखेत न जळलेला कार्बन उरेना, आणि पारा धरून ठेवणाऱ्यांत तो मोठा. उष्मांकही कमी, म्हणजे तेवढ्याच विजेला टनही जास्त. कमी पाऱ्याचा फायदा तिथेच निम्माशिम्मा गेला.

तेव्हा मी ठासून सांगायचो, कोळशावर ब्रोमाइड (ब्रोमीनचा क्षार) मारा, प्रश्न मिटला. ब्रोमीन क्लोरीनपेक्षा खरंच जोरकस काम करतं, आजही तेच सुचवेन. पण स्क्रबरच्या पाण्यात गंधकापासून बनणारं सल्फाइट पकडलेल्या पाऱ्यातला काही पुन्हा वाफेत सोडतं. जास्त गंधकाच्या कोळशात सल्फर ट्रायऑक्साइड हा वायू पारा शोषायला धुरात सोडलेल्या अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनवरची जागा बळकावतो. आणि अडवलेला पारा नाहीसा थोडाच होतो? राखेत जातो, स्क्रबरमध्ये तयार होणाऱ्या जिप्सममध्ये जातो. त्याला "पकडला" म्हणायचं की "हलवला", यावर माझं माझ्याशीच अजून जमलेलं नाही.

तेव्हा रिपोर्ट पाठवाल तर क्लोरीन, गंधक, राखेतलं कॅल्शियम आणि उष्मांकाचं पानही जोडा, स्क्रबर आहे की नाही तेही कळवा. मग आकडा देईन. तोही अंदाजच असेल.