बॅलन्सिंग मशीन, तीन एडीसी आणि माझे अकरा दिवस

आधीच सांगून टाकतो, नंतर विसरेन. एकापेक्षा जास्त एडीसी, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपा, एकमेकांशी वेळेत जुळवायचे असतील तर ते मशीनवर चढवण्याआधी सगळ्यांच्या इनपुटला एकच सिग्नल द्या. सिग्नल जनरेटर नसला तरी अडत नाही, ६ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर आणि दोन रेझिस्टर पुरतात. मेन्सच्या ५० हर्ट्झला एक मिलिसेकंदाचा फरक म्हणजे १८ डिग्री, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मला हे दहाव्या दिवशी सुचलं.

आता मुद्द्याचं. बेळगावात उद्यमबागेत ओळखीच्या एका शेडमध्ये ब्लोअरचे रोटर आणि पंपाचे इम्पेलर (पाणी ढकलणारी पात्यांची चाकं) बॅलन्स करतात, म्हणजे फिरताना थरथरू नयेत म्हणून योग्य जागी वजन लावतात. जुन्या मशीनचं मीटर गेलं आणि नव्याची किंमत ऐकून मालक म्हणाले, "तुम्हीच बघा की काहीतरी." डाव्या बेअरिंगला एक सेन्सर, उजव्याला एक, आणि शाफ्टवरच्या चकचकीत पट्टीकडे बघून दर फेऱ्याला एक खूण देणारा टॅको. तिघांना एकेक २४ बिटचा डेल्टा-सिग्मा एडीसी बोर्ड, सेकंदाला १००० सॅम्पल. टॅको सरळ मायक्रोकंट्रोलरला का दिला नाही असं बरेचजण विचारतात. एडीसीच्या आतल्या फिल्टरमधून सिग्नल उशिरा बाहेर पडतो. टॅकोही त्याच वाटेनं आला की उशीर तिघांना सारखाच.

रोटर किती हलतोय हे एकट्या सेन्सरवरून कळतं, पण वजन कुठं लावायचं ते टॅकोच्या खुणेपासूनच्या कोनावर ठरतं, आणि कोन म्हणजे शेवटी वेळच. १५०० आरपीएमला एक फेरा ४० मिलिसेकंदांचा, म्हणजे एक मिलिसेकंद चुकला की ९ डिग्री. वजन ९ डिग्री बाजूला लागलं तर जवळजवळ १६ टक्के असमतोल जागच्या जागी राहतो.

पहिली चूक सगळेच करतात, मीही केली. प्रत्येक बोर्डवर ७.६८ मेगाहर्ट्झचा स्वतःचा क्रिस्टल होता, म्हणजे चिपला क्लॉकचे ठोके देणारा तुकडा. दोन क्रिस्टलांत दहा लाखात ३० भागांचा फरक असला तरी मिनिटाभरात १.८ मिलिसेकंद सरकतात, म्हणजे १६ डिग्री गेले. तिन्ही क्रिस्टल काढले, ठोके देणारा एकच ऑसिलेटर बसवला, ते वाटून देणाऱ्या बफरमधून तिघांना सारख्या लांबीच्या वायरी आणि प्रत्येक वायरीला बफरपाशी ३३ ओहमचा रेझिस्टर. एका संध्याकाळात झालं. पुण्याच्या एका जाणकारांना फोन केला तर ते म्हणाले, "क्लॉक एक, सिंकची पिन एक, विषय संपला." विषय कुठला संपतोय!

सकाळी मशीन झकास चालायचं. ब्लोअरचे दोन-तीन रोटर पहिल्या वजनाला जागेवर यायचे. दुपारनंतर मात्र बिनसायचं. वजन लावलं की असमतोल कमी व्हायच्या ऐवजी दुसरीकडंच जायचा, आणि बंद करून चालू केलं की परत ठीक. मला वाटलं, उष्णता. शेजारच्या शेडमध्ये भट्टी आहे, दुपारी पत्रा तापतो. थर्माकोलचा डबा केला, त्यात पंखा बसवला. चार दिवस त्यात गेले. मग अर्थिंगवर संशय घेतला, मग सेन्सरच्या केबलवर, मग सिंकच्या पल्सवर, म्हणजे तिन्ही चिपांची मोजणी एकाच क्षणी सुरू करणाऱ्या इशाऱ्यावर. सिंकच्या पल्समध्ये खरंच एक गोम निघाली: माझ्या चिपची सिंकची आणि झोपण्याची पिन एकच आहे. २० सॅम्पलांपेक्षा जास्त वेळ ती खाली धरली की चिप झोपते, आणि मी मारे ५० मिलिसेकंद धरून बसलो होतो. तो एक मिलिसेकंद केला. उपयोग शून्य, दुपारी परत तेच.

मालक रोज संध्याकाळी येऊन काही न बोलता उभे राहायचे. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दहाव्या दिवशी तिसऱ्या गेटापाशी चहा पिताना मशीनवरचे मामा सहज बोलले, "सर, दुपारचं काय घेऊन बसलाय, बारकं इम्पेलर दुपारी चढवतो की आपण." मी कप तसाच ठेवून उठलो. बारका इम्पेलर म्हणजे बारका सिग्नल. सिग्नल बारका असला की गेन, म्हणजे चिप सिग्नल किती पट मोठा करते ते, आपोआप वाढवायचा, हे मीच प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं, मोठ्या हौसेनं. ट्रान्सफॉर्मर जोडला, डाव्या चिपचा गेन मुद्दाम बदलला आणि तिन्ही चिपांच्या 'डेटा तयार'च्या पिना (नवा आकडा तयार झाला की या खाली येतात) ऑसिलोस्कोपवर घेतल्या. आधी तिन्ही एकाच क्षणी खाली येत होत्या. गेन बदलल्यावर डावी ०.६ मिलिसेकंद मागं. १५०० आरपीएमला हे सव्वापाच डिग्रीच्या वर जातं, आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा.

झालं होतं असं. ऑटो कॅलिब्रेशन चालू ठेवलं असलं की गेन बदलताच ती चिप स्वतःला कॅलिब्रेट करते, म्हणजे स्वतःच्या मोजण्यातली चूक काढून टाकते, आणि फिल्टर नव्यानं सुरू करते. क्लॉक तोच, पण मोजणीची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून. बाकीच्या दोघी आपल्या जुन्या ठेक्यात. आणि मी फक्त टॅकोच्या चिपची पिन बघून तिघांचे आकडे उचलत होतो, त्यामुळं डावीचा शिळा आकडा ताज्यांच्या पंगतीत बसायचा. हे सगळं माहितीपत्रकात आहे, नाही असं नाही. पण कॅलिब्रेशनच्या पानावर. सिंक अडलेला माणूस कॅलिब्रेशनचं पान कशाला उघडेल?

दुरुस्ती चार ओळींची. कुठल्याही एका चिपचा गेन किंवा सॅम्पलचा वेग बदलला की तिन्ही पिना खाली आलेल्या दिसेपर्यंत थांबायचं, मग तिघांना मिळून एक सिंक पल्स. वेग तिघांचा एकच ठेवायचा हे वेगळं सांगायला नको. एक ५०० वर आणि एक १००० वर असली तर नुसत्या फिल्टरच्या उशिरातच अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक पडतो.

हां, आणि मायक्रोकंट्रोलरनं तीन चिपांना तीन वेगळ्या सिंक कमांड पाठवू नयेत, एका मागोमाग जातात त्या. वायरच एक हवी.

अकराव्या दिवशी दुपारी मामांनी सगळ्यात बारका इम्पेलर चढवला. पहिल्याच वजनाला तो जी ६.३ च्या, म्हणजे पंप-पंख्यांना चालणाऱ्या असमतोलाच्या मर्यादेच्या, आत आला. मामा हसले, मालकांनी कुंदा मागवला. डबा पाठीमागून वाजवत मालक म्हणाले, हे थर्माकोल राहू दे, मशीन गार राहतंय. मी काही बोललो नाही.

त्याच रात्री आठवलं, गेल्या वर्षी निपाणीला दिलेल्या मशीनमध्येही हाच ऑटो गेन आहे. त्यांचा अजून एकही फोन आलेला नाही. सोमवारी सकाळच्या बसनं जाऊन येतो.