निकोडेमस, कॅन्सस: डेन्व्हरला जाताना वाट थोडी वाकडी करा

कॅन्सस सिटीहून डेन्व्हरला आय-७० हायवेने जाणारे आपले लोक कॅन्ससला शिव्या घालत गाडी हाकतात, मीही तेच करायचो. यंदा हेज गावाला हायवे सोडून १८३ नंबरच्या रस्त्याने स्टॉकटन आणि तिथून २४ नंबरचा रस्ता पकडून पश्चिमेला निकोडेमस गाठलं, हेजपासून साधारण तासभर.

आधीच सांगतो, बघायला फार नाहीये. पाच जुन्या इमारती, चार घरं आणि वारा. गोष्ट माहीत नसेल तर दहा मिनिटांत 'हे काय' म्हणून परत फिराल.

तर गोष्ट अशी की गुलामगिरी संपल्यावर १८७७ मध्ये केंटकीतली काळी कुटुंबं जाहिराती वाचून इथे आली, गाव वसवणाऱ्या कंपनीत डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हा काळा अध्यक्ष. सप्टेंबरात तीनेकशे लोक रेल्वेने एलिसला उतरले आणि तिथून तीसेक मैल माळ तुडवत आले. पुढच्या वर्षी आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण नोंदलेली आहे, नवऱ्याला विचारलं गाव कुठंय, तर त्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला आणि त्या रडायला लागल्या. लाकूड नाही म्हणून लोक जमिनीत खड्डे खणून राहत होते ना! बरेच जण परत गेले. जे राहिले ते पहिल्या हिवाळ्यात तगले त्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी दिलेल्या मांसाचा मोठा वाटा.

मग गाव चांगलं वाढलं, दुकानं, हॉटेल, चर्च सगळं. इथेच राहिलेले एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये राज्याचे ऑडिटर (सरकारी हिशेब तपासणारे अधिकारी) म्हणून निवडून आले. १८८७ ला गावाने रेल्वे यावी म्हणून १६,००० डॉलरचे बाँड म्हणजे कर्जरोखे काढायला मतदान केलं, तरी रूळ आले नाहीत. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकची लाइन नदीच्या पलीकडून गेली, तिथे बोग नावाचं गाव वसलं आणि इथले दुकानदार उठून तिकडे गेले. स्टेशन मिळालं की गाव, नाही तर वाडी, हे आपल्याकडेही बघितलंय की. १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी उरलंसुरलं पोखरलं, १९५३ ला पोस्टही बंद. १९९६ पासून ही नॅशनल हिस्टॉरिक साइट, म्हणजे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

आता कामाचं. सुरुवात टाउनशिप हॉलपासून करा, तिथेच व्हिजिटर सेंटर आहे आणि तिकीट नाही. वेळा निघायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्या. रेंजरला (तिथल्या माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला) प्रश्न विचारा, आम्ही विचारले म्हणून तासभर कसा गेला कळलं नाही. बाकी इमारती बाहेरूनच बघायच्या हे धरून चला, १९०७ चं बॅप्टिस्ट चर्च मात्र चुकवू नका.

गावात पेट्रोल नाही, खायला काही नाही. आम्ही 'पुढे मिळेल' या भरवशावर गेलो आणि गाडीतल्या अर्ध्या पाकीट चकलीवर दुपार काढली, ही अजून ऐकवते. टाकी आणि डबा दोन्ही स्टॉकटनलाच भरून घ्या, डेन्व्हरकडून येत असाल तर हिल सिटीला. हो, त्याच हिलच्या नावाचं शहर, ते मात्र टिकलंय.

जमलं तर जुलैच्या शेवटच्या वीकेंडला जा, तेव्हा गावातून बाहेर गेलेल्यांचे वंशज दरवर्षी परत येतात. राहायची सोय मग हेजला आधीच बघा.