रेपॉझिटरीत नसलेलं एक पॅकेज

सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळ एका काकूंचं टायपिंग सेंटर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि त्यांचे सहाही जुने कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांवर लिनक्स टाकलं. एक छोटं, देखणं, हलकं डिस्ट्रो (लिनक्सचा एक तयार संच) निवडलं. त्याची रेपॉझिटरी, म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार पॅकेजांचं भांडार, लहान आहे हे माहीत होतं. पण ब्राउझर, लिबरऑफिस, प्रिंटर सगळं होतं.

नव्हतं ते टेसरॅक्ट, स्कॅन केलेल्या कागदावरची अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम. वकील जुने टाइप केलेले मराठी कागद आणतात, ते स्कॅन करून मजकूर उचलायचा असतो. मी त्याचा सोर्स कोड आणून सहाही मशीनवर बिल्ड केलं, म्हणजे त्यातून प्रोग्रॅम स्वतः बांधला, मराठीची डेटा फाइल हाताने ठेवली. अडीच महिने छान चाललं.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी काकूंचा फोन आला. "भाऊ, ते अक्षरं उचलणारं उघडूनच नाही राहिलं. अकराला वकीलसाहेब येतात."

टर्मिनलमध्ये एकच तक्रार होती: लायब्ररी सापडत नाही. आदल्या दिवशीच्या अपडेटमध्ये चित्रांची एक लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) नव्या आवृत्तीवर गेली होती. रेपॉझिटरीतले तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम त्यांच्या मेंटेनरांनी नव्याने बांधून पाठवले होते. माझं टेसरॅक्ट कुणाच्याच यादीत नव्हतं. पॅकेज म्हणजे नुसती डाउनलोड करायची फाइल नव्हे, त्यामागे ते सांभाळणारा माणूस असतो. इथे तो माणूस मीच होतो, आणि सुरक्षेचे अपडेटही मी कधी पाहिले नव्हते.

पुन्हा बिल्ड होईपर्यंत अकरा वाजून गेले. तोवर काकू आणि दोघी मुली पानं हाताने टाइप करत बसल्या. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही, उलट चहा आला. तो चहा मला गिळवेना.

संध्याकाळी सगळ्या मशीन रिकाम्या करायचं ठरलं. या वेळी आधी काकूंना एकेक काम सांगायला लावलं आणि एका रद्द अर्जाच्या पाठीवर लिहून घेतलं: मराठी ओसीआर (स्कॅनमधून अक्षरं उचलणं), इनस्क्रिप्ट कीबोर्ड, देवनागरी फॉन्ट, स्कॅनर, पीडीएफ जोडणं. मग प्रत्येक गोष्ट डेबियन १३ या दुसऱ्या, मोठ्या डिस्ट्रोच्या रेपॉझिटरीत शोधली. सगळं सापडलं, टेसरॅक्टचा मराठी डेटासुद्धा.

डेबियन १३ मध्ये ६९,८३० पॅकेजेस आहेत. पण तो आकडा बघून मी ठरवलं नाही. तिथे एकटं लिबरऑफिसच कितीतरी पॅकेजांत विभागलेलं असतं, म्हणून दोन डिस्ट्रोंच्या आकड्यांची तुलना फसवी ठरते. आर्च या आणखी एका डिस्ट्रोचं एयूआर नावाचं भांडार अवाढव्य आहे, पण तिथल्या बिल्ड स्क्रिप्ट वापरणाऱ्यांनीच टाकलेल्या असतात. मी पुन्हा तिथेच आलो असतो. फ्लॅटपॅकने (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या पॅकेजांची सोय) लहान रेपॉझिटरीची उणीव बरीच भरून निघते, मात्र कीबोर्ड आणि स्कॅनरचे ड्रायव्हर सिस्टिमकडूनच यावे लागतात. डेबियन स्टेबलमधल्या, म्हणजे त्याच्या स्थिर शाखेतल्या, प्रोग्रॅमच्या आवृत्त्या जुन्या असतात, असं लोक म्हणतात. या सेंटरला तेच हवं होतं: पायाखालची लायब्ररी मध्येच बदलू नये.

शेवटची मशीन झाली तेव्हा साडेनऊ वाजले होते. काकूंनी यादी वाचली आणि खाली एक ओळ वाढवली: डिजिटल सहीचं टोकन. त्याचा ड्रायव्हर रेपॉझिटरीत नव्हता, कंपनीकडूनच घ्यावा लागला. मी तो एकाच मशीनवर टाकला आणि तिच्या मॉनिटरवर तारखेची चिठ्ठी चिकटवली: 'अपडेट करण्याआधी मला फोन करा.'