तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं क्लाउडवर आहे, मग अडवता कशाला?

“सगळं क्लाउडवर गेलंय ना? मग मी जगात कुठूनही लॉगिन केलं तर तुमचं काय बिघडतं?” हा प्रश्न मला, कंपनीची आयटी सांभाळणारीला, मीटिंग संपता संपता, लिफ्टमध्ये, कॉलवर बाकीचे जॉइन व्हायची वाट बघताना विचारला जातो. विचारणारे बहुतेक करून नुकतेच परदेशातून आलेले असतात आणि तिथे ऐन कामाच्या वेळी त्यांचं अकाउंट लॉक झालेलं असतं. त्यांचा राग मला कळतो. मी दर वेळी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर देते, त्याने त्यांचं समाधान होत नाही आणि माझंही होत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते. आपल्याकडे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा खासगी मार्ग, जाऊन दर लॉगिनला ओळख तपासणारी नवी यंत्रणा आली. बाकी काय काय बदललं ते तुम्ही सोसलेलंच आहे, त्याची यादी देत नाही.

ज्याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही ते आधी सांगते. “जुनं व्हीपीएनच बरं होतं” असं अजूनही बरेच जण म्हणतात. नव्हतं बरं. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर सिग्नल जाऊन परत यायला किमान १०० मिलिसेकंद लागणार, तेही केबल सरळ रेषेत टाकलेली असेल तर, आणि तशी ती कधीच नसते. शेअर्ड ड्राइव्हवरची एक जडशी एक्सेल उघडताना लॅपटॉप आणि सर्व्हर यांच्यात शेकड्यांनी विचारणा होतात: फाइल आहे का, परवानगी आहे का, आणखी कोणी उघडली आहे का, पुढचा तुकडा द्या. अशा २०० फेऱ्या धरल्या तर २० सेकंद नुसते वाट बघण्यात गेले. इंटरनेट दुप्पट वेगाचं घेतलं तरी ते वाचत नाहीत, कारण ते अंतराचे आहेत. त्यात सगळं ट्रॅफिक आधी मुख्यालयात आणून मग बाहेर सोडायची आपली पद्धत. तुमच्या हॉटेलपासून हाकेच्या अंतरावर क्लाउडचं डेटा सेंटर असलं तरी व्हिडिओ कॉलवरचा तुमचा आवाज अर्धी पृथ्वी ओलांडून जायचा आणि तसाच परत यायचा. बोलणं सहज व्हावं म्हणून एकेरी विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा, असं आयटीयूची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेची, जी.११४ ही शिफारस सांगते. आपण त्याच्या बरेच पुढे असायचो, आणि माणसं एकमेकांचं वाक्य तोडत बोलायची.

सुरक्षेचं तर त्याहून वाईट. व्हीपीएनने एकदा आत घेतलं की पुढे फारसं कोणी विचारत नसे. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल ही इंधनाची पाइपलाइन बंद ठेवावी लागली, त्या हल्ल्याची सुरुवात अशीच झाली होती: वापरात नसलेलं जुनं व्हीपीएन अकाउंट, त्याला नुसता पासवर्ड, दुसरा फॅक्टर (पासवर्डशिवायची दुसरी खूण, फोनवरची मंजुरी वगैरे) नाही. कंपनीच्या प्रमुखांनीच पुढच्या महिन्यात सिनेटच्या समितीपुढे हे सांगितलं. खंडणी दिली गेली ती सुमारे ४४ लाख डॉलरची. कोणी नेटवर्कच्या आत आहे एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा विचार आमच्या टीमने काढलेला नाही. फॉरेस्टर या संशोधन कंपनीच्या जॉन किंडरवाग यांनी २०१० साली त्याला झीरो ट्रस्ट हे नाव दिलं, गूगलने २००९ च्या हल्ल्यानंतर आपली यंत्रणा त्या दिशेने नेली आणि २०१४ पासून त्यावर लिहिलं, २०२० मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने त्याचा आराखडा प्रसिद्ध केला. मी या बाजूची होते आणि आहे. मॅनेजमेंटपुढे बजेट मागताना “माणूस कुठेही असो, काम थांबणार नाही” ही ओळ स्लाइडवर मीच लिहिली होती.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सगळे ऑफिसात बसत होतो तेव्हा तुम्हाला ओळखायचं काम इमारत करत होती. गेटवर सिक्युरिटी, गळ्यात बॅज, शेजारी रोजची माणसं. पासवर्ड विसरलात तर माझ्या डेस्कपाशी येऊन उभे राहायचात आणि काम व्हायचं. तुम्ही जगभर फिरायला लागलात आणि ती सगळी ओळख एका फोनवर आणि एका लॅपटॉपवर येऊन ठेपली. दोन्ही हाताशी आहेत तोवर नवी यंत्रणा खरोखरच चांगली आहे, कुठल्याही विमानतळावर बसून तुम्ही बिनघोर काम करता. दोन्ही एकदम गेले की काय होतं, ते मी पाहिलंय.

माझ्याबरोबर एकाच बॅचला लागलेला एक सहकारी कमिशनिंग इंजिनिअर आहे. ग्राहकाच्या प्लांटचा शटडाउन घेतलेला असतो, त्या मोजक्या तासांत प्लांट चालवणारा जुना कंट्रोलर काढायचा, नवा बसवायचा, प्रोग्राम चढवायचा, चाचणी करायची आणि प्लांट परत द्यायचा. असा शटडाउन मिळायला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. तेव्हा तो अशाच कामावर होता. आदल्या रात्री विमानतळावरून येताना त्याचा फोन टॅक्सीत राहिला. त्याने ते कळवलं नाही, कारण सकाळी लॅपटॉप व्यवस्थित सुरू झाला आणि लागणाऱ्या सगळ्या फाइली लॅपटॉपमध्येच होत्या. साइटवर एक टूल पेनड्राइव्हवरून बूट करावं लागलं, त्यासाठी बायोसमधला, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमधला, बूटचा क्रम बदलला. पुढच्या वेळी मशीन सुरू केलं तर निळा स्क्रीन: बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की टाका. क्रम पूर्ववत करून पाहिला, स्क्रीन हलेना. बूट होताना काही वेगळं दिसलं की कोणीतरी डिस्कला हात घालतंय असं बिटलॉकर धरून चालतं, आणि त्याने तसंच धरायला हवं. ती की ४८ आकड्यांची असते. कंपनीच्या पोर्टलवरून स्वतः काढता येते, पण पोर्टल दुसरा फॅक्टर मागतं, आणि तो होता टॅक्सीत राहिलेल्या फोनमध्ये.

त्या प्लांटमध्ये कॅमेरा असलेलं काहीही आत न्यायला बंदी होती. त्याने कंट्रोल रूमच्या लँडलाइनवरून हेल्पडेस्कला फोन केला, हेल्पडेस्कने नियमाप्रमाणे कॉल वरिष्ठांकडे पाठवला. त्याच्याकडे भर दुपार होती, माझ्याकडे मध्यरात्र. ड्यूटीवर मी होते.

“अगं, मी बोलतोय. की सांग पटकन.”

माझ्यासमोर काय होतं ते सांगते. अनोळखी लँडलाइन नंबर. लॅपटॉप ऑफलाइन. फोन दुसऱ्याच ठिकाणी दिसतोय आणि तो हरवल्याची नोंद नाही. पलीकडे घाईत असलेला माणूस, त्याला एन्क्रिप्ट केलेली डिस्क उघडायची की हवी आहे. हल्ला होताना जे जे दिसतं म्हणून आम्ही हेल्पडेस्कच्या पोरांना शिकवतो, ते सगळं एका स्क्रीनवर. नियम असा: व्हिडिओवर चेहरा आणि ओळखपत्र, नाहीतर मॅनेजरने स्वतःच्या अकाउंटवरून दिलेला दुजोरा. कर्मचारी क्रमांक, जन्मतारीख चालत नाही, ते बाहेर सहज मिळतं. नियम मीच लिहिला होता.

“व्हिडिओवर येशील का?”

“कॅमेरा आत आणता येत नाही. गेटपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे गाडी, पास, पुन्हा तपासणी. तेवढा वेळ नाही गं.”

“मॅनेजर?”

“विमानात आहे. तो उतरेपर्यंत शटडाउन संपेल.”

मॅनेजरच्या वरच्या साहेबांना मी दुसऱ्या लाइनवरून फोन लावला. फोन बंद. झोपले असणार, आणि झोपायचीच वेळ होती ती.

“तू माझा आवाज ओळखत नाहीस का?”

“ओळखते.”

“मग?”

मी म्हटलं, आवाजावर देता येत नाही. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग अगदी शांतपणे म्हणाला, “मी खोटा असतो तर तू बरोबर ठरली असतीस. पण मी खरा आहे, आणि तुला ते माहीत आहे.”

तो लॅपटॉप घेऊन गेटबाहेर गेला, कोणाचा तरी फोन मागून व्हिडिओवर आला, पासपोर्ट चेहऱ्याशेजारी धरला. मी की वाचून दाखवली: सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मी एक गट म्हणायचे, तो टाइप करून परत म्हणायचा. मधे एकदा एक गट चुकला, तो पुन्हा घेतला. आकड्यांशिवाय आम्ही एक शब्द बोललो नाही. लॅपटॉप उघडला. तो आत पोचला तोवर ग्राहकाने जुनाच कंट्रोलर परत लावून प्लांट सुरू करायचा निर्णय घेतलेला होता. पुढच्या शटडाउनसाठी पुन्हा महिनोन्‌महिने थांबणं आलं. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

तुमच्यातले काही म्हणतात, द्यायची होतीस. कशाच्या जोरावर? सप्टेंबर २०२३ मध्ये एमजीएम रिसॉर्ट्स या अमेरिकेतल्या हॉटेल-कॅसिनो कंपनीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर हेल्पडेस्कला फोन करून, कर्मचारी असल्याचं भासवून आत शिरल्याचं सगळीकडे छापून आलं. कंपनीने स्वतः नुकसानीचा अंदाज दिला तो सुमारे १० कोटी डॉलरचा. आमचा प्रसंग त्याच्या आधीचा. ती बातमी वाचून मला सुटल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही. इतरांच्या आपत्तीत आपला निर्दोषपणा शोधणं बरं नाही, तरीही वाटलं. पण नीट पाहिलं तर ती बातमी माझ्या बाजूचा पुरावा होतच नाही. तिथे पलीकडे अनोळखी माणूस होता. मी वर्षानुवर्षं ऐकलेला आवाज ऐकत होते. आता थोड्याशा रेकॉर्डिंगवरून आवाजाची नक्कल करता येते, हे खरं आहे. त्या रात्री मला तशी शंका होती का? नव्हती. मला खात्री होती की तोच आहे, आणि तरीही मी नाही म्हटलं.

स्लाइडवरची ती ओळ लिहिणारी मी आजच्या मला विचारते: काम थांबलं की नाही? थांबलं. आजची मी तिला विचारते: हेल्पडेस्कवर नुकत्याच लागलेल्या मुलाने फोन उचलला असता तर? त्याला आवाज ओळखीचा नाही, त्याच्यासाठी नियम एवढाच आधार. माझ्यासाठी वेगळा नियम केला तर “मी त्याला ओळखतो” म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी करावा लागेल. या दोघींचं अजून जुळलेलं नाही.

एक मात्र त्या रात्रीने दाखवलं. आपण माणसं जगभर पाठवली, डेटा जगभर नेला, मंजुऱ्या मात्र एकाच टाइमझोनमध्ये ठेवल्या. “मेंटेनन्स नेमका माझ्याच कामाच्या वेळी का?” हा तुमचा दुसरा लाडका प्रश्न, त्याचंही मूळ इथेच. सगळ्यांची रात्र असेल अशी वेळच आता उरलेली नाही. वर मार्चमध्ये अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या आठवड्यांत मेंटेनन्सची ठरलेली वेळ कोणाच्या तरी दिवसाच्या सुरुवातीवर जाऊन आदळते. मंजुरीचंही तसंच होतं. म्हणून दुजोरा देणारी माणसं आता हुद्द्यावरून न ठरवता टाइमझोनवरून ठरवली आहेत. तुमचे थेट साहेब विमानात असले तर जागं असलेलं आणि तुम्हाला ओळखणारं दुसरं कोणीतरी यादीत असतं. प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाला फिडोची एक सिक्युरिटी की (फोनऐवजी ओळख पटवणारं छोटं उपकरण) वेगळी देतो, ती फोन असलेल्या बॅगेत ठेवू नका असं बजावतो. लॉगिनसाठी तात्पुरता पास काढता येतो, तो थोड्याच वेळात आपोआप संपतो.

आणि इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे. ती सिक्युरिटी की नोंदवायची ईमेल तुम्ही उघडत नाही. फोन हरवल्याचं सकाळपर्यंत सांगत नाही. वर्क प्रोफाइल (फोनमधला कामापुरता वेगळा कप्पा) नको म्हणता, कारण कंपनी तुमचे फोटो बघेल अशी धास्ती असते. तुमच्या स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर टाकलेल्या वर्क प्रोफाइलमधून आम्हाला कामाची बाजू दिसते आणि पुसायची वेळ आली तर तेवढीच पुसता येते, घरचे फोटो आमच्या हाती लागत नाहीत. तरीही धास्ती खोटी म्हणणार नाही. कंपनीने माझ्या खिशातल्या फोनमध्ये शिरू नये असं मलाही वाटतं.

सध्या वाद ओळख पटवण्याच्या नियमातल्या एका कलमावर अडलाय. ते सुचवलंय त्या सहकाऱ्यानेच, ईमेलवर, दोन ओळींत: साइटवर जाण्याआधी ग्राहकाच्या कंट्रोल रूमचा नंबर आमच्याकडे नोंदवायचा, अडचण आली की आम्ही त्या नंबरवर उलटा फोन करायचा, आधी ठरवलेला ग्राहकाचा माणूस “हा समोर उभा आहे” म्हणाला तर रिकव्हरी की द्यायची. मला ते पटतं. सिक्युरिटीवाल्यांना पटत नाही. बाहेरच्या कंपनीच्या माणसाच्या शब्दावर आपली डिस्क उघडायची का, असं ते विचारतात, आणि तो प्रश्न चुकीचा नाही. मसुदा माझ्याकडे आहे, सही झालेली नाही. तुमच्यातले जे साइटवर जातात त्यांनी मला एवढं कळवा: ग्राहकाच्या कंट्रोल रूममध्ये फोन वाजला की तो नेमका कोण उचलतं, आणि शिफ्ट बदलल्यावर कोण?